उजवा हात झोळीत

१० जुलै १९५५, रविवार
आज वाचनालयात माझं व्याख्यान. विषय : गोफण, आपलं स्वदेशी शस्त्र. चिटणीस मीच, त्यामुळे अध्यक्षही मीच. श्रोते एकवीस, पाऊस असूनही. शेतात पाखरं हाकायला आपण जी गोफण फिरवतो तिनं तोफा येण्याआधी मोठमोठी सैन्यं लोळवली, हे सप्रमाण सांगितलं. हाडं बसवणारी लुईझाबाय मागून म्हणाली, दावीदानं राक्षस गोफणीनंच मारला, आमच्या शास्त्रात आहे. टाळ्या.
मग सत्याग्रहींची नावं गोळा करणारा गंगाराम उठला. पंधरा ऑगस्टला सत्याग्रही गोव्यात शिरणार, आचऱ्यातून पाच जण पाहिजेत. सगळे छपराकडे बघायला लागले. मी उभा राहिलो. पहिलं नाव माझं, भिकाजी. व्याख्यानाची गरमी होतीच, पण मूळ स्वभावही तसाच.
घरी बायकोला, सुगंधाला, सांगितलं. ती म्हणाली, "तुमी?" आनंद झाला की ती असंच बोलते.

१२ जुलै
काथ्याची नवी गोफण वळून घेतली. निश्चय : रोज सकाळी पन्नास गोटे. आज तीन. पहिला पायाशी पडला. दुसरा मागे गेला. तिसरा शेजारच्या काशीरामच्या कौलावर. काशीराम मासेमारी करतो, पावसाळ्यात होडी वर ओढलेली, म्हणून घरीच होता. स्वतःच चढून कौल बदललं. वर मलाच म्हणाला, "एक फुटला तर काय झाला, दादानू." साधा माणूस.

१७ जुलै, रविवार
गंगारामने बैठक घेतली. गोफण चालणार नाही म्हणे. काठीसुद्धा नाही. हातात फक्त झेंडा, आणि समोरून काहीही आलं तरी हात उगारायचा नाही. मी विचारलं, समोरून काय येईल? म्हणाला, लाठी येईल, गोळीसुद्धा येईल.
हे दहा तारखेला सांगायला हवं होतं. कामाची पद्धत नाही.

२१ जुलै
सुगंधाने वाडीभर सांगून ठेवलं आहे. देवळात गुरवाने माझ्यासाठी गाऱ्हाणं घातलं, "ह्येका जित्तो परत हाड रे म्हाराजा." जिवंत परत आण म्हणे; 'जित्तो'वर उगीच जोर दिला. रात्री जेवण गेलं नाही. पोटाचा जुना विकार.

२५ जुलै, सकाळी ११
विहिरीच्या पायरीवर शेवाळात पाय घसरला. उजव्या हातावरच पडलो असणार, कारण धोतराला चिखल उजवीकडे आहे. आधी काही वाटलं नाही. पण अशी दुखणी मागाहूनच वर येतात. वेळीच सावध झालेलं बरं म्हणून सुगंधाच्या जुन्या लुगड्याचा तिकोनी तुकडा गळ्यात बांधला आणि हात त्या झोळीत ठेवला.
फार वाईट वाटतं. ऐन वेळी असं व्हावं!

२६ जुलै
सुगंधाने न विचारता लुईझाबायला बोलावलं. मनगट दाबलं, कोपर दाबला, खांदा फिरवला. मी दोनदा ओरडलो. म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत बसली. म्हणाली, "हाड शाबूत आसा. तुका खंय दुखता ता माका गावला."
दुखणं कुठे ते तिला सापडलं, म्हणजे आतली शीर असावी. तेल चोळून बांबूच्या दोन कामट्या करकचून बांधल्या. एक महिना सोडायचं नाही, म्हणाली. मी म्हटलं, पंधरा दिवस पुरेत. ती म्हणाली, "पंधरा तारखेक सोडूया? सोळा तारखेक?" विचित्र बाई.

२८ जुलै
गंगाराम आला. झोळीकडे बघितलं. पाचाचे चार झाले म्हणून मीच त्याला धीर देत होतो, तेवढ्यात कुंपणापलीकडून काशीराम म्हणाला, "मी जातंय दादानूंच्या जाग्यार."
त्याला मी समजावलं. घरी बायको आहे, होडी आहे. म्हणाला, पावसात होडी तशीही वरच असा. आणि हसला. त्याची बायको कृष्णाबाई आत भांडी घासत होती. घासण्याचा आवाज थांबला.
त्याने स्वतःच ठरवलं. मी काही सुचवलं नव्हतं.

३ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
दर्यात नारळ सोडायला गेलो नाही. डाव्या हाताने टाकलेला नारळ बरा दिसत नाही.
डाव्या हाताने जेवणं कठीण. मिशीला वरण. कामट्यांच्या खाली खाज सुटते, दिवसभर त्यापलीकडे काही सुचत नाही. ही वही दार लावून लिहितो, त्या वेळी कामट्या सोडतो. आज सुगंधाने बाहेरून विचारलं, लिहितास कशान? मी म्हटलं, डाव्यानं सराव. ती म्हणाली, "खाज येता तर भायर काढा हात, हय कोण बघता?" तिला वैद्यकातलं कळत नाही.

५ ऑगस्ट
या सक्तीच्या विश्रांतीचा उपयोग करायचा. ग्रंथ लिहायला घेतला : 'गोफण आणि झोळी'. रोज आठ पानं, पंधरा तारखेला पुरा. मुद्दा असा की दोन्ही एकाच कुळातल्या. मधे पोट, दोन बाजूंना ओढ. एकीत दगड ठेवून माणूस मारतात, दुसरीत मोडका हात ठेवतात, तिसरीत तान्हं मूल जोजवतात, चौथी काठीला बांधून आजाऱ्याला नेतात. आजवर हे कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.
आज अर्धं पान. सकाळपासून लोक हात बघायला येतात. प्रत्येकाला पडण्याची हकीकत सांगावी लागते. हकीकतीतल्या पायऱ्या वाढत चालल्या आहेत. आज चार झाल्या.

८ ऑगस्ट
तुकडी निघाली. मलाच भाषण करायला लावलं. चांगलं झालं. 'देहाने इथे, मनाने तिथे' या वाक्याला कृष्णाबाईने पदर डोळ्यांना लावला.
काशीराम पाया पडला. मला म्हणाला, "हात सांबाळा, दादानू. बरो झालो की फुडच्या तुकडीत या." मी उजवा हात पुढे करणार होतो, आठवण झाली.

१२ ऑगस्ट
घरातून बाहेर पडणं बंद. पडलो की कोणीतरी विचारतं. न पडलो तर सुगंधा समोर बसून तांदूळ निवडते, ते जास्त वाईट. ठरवलं होतं की आजच बरा झालो असं जाहीर करावं. पण मग सावंतवाडीची गाडी अजून मिळते, आणि लोक तसं म्हणतील. सोळा तारखेनंतर बघू.
ग्रंथ : सव्वा पान.

१७ ऑगस्ट
पेपर आला. पंधरा तारखेला गोळीबार झाला. पुष्कळ माणसं गेली. नावं सगळी नाहीत.
कृष्णाबाईला वाचता येत नाही. पेपर घेऊन माझ्याकडेच आली. दोनदा वाचून दाखवला. ती म्हणाली, परत वाचा, गावाचा नाव खंय येता काय बघा. तिसऱ्यांदा वाचला. पेपर दोन्ही हातांनी धरल्याचं मागाहून लक्षात आलं. तिचं लक्ष नव्हतं. सुगंधाचं होतं.

१९ ऑगस्ट
काही कळलं नाही. कृष्णाबाई आली. परवाचाच पेपर वाचला.
झोळी काढणार होतो. आज काढली तर फारच वाईट दिसेल.

२१ ऑगस्ट, रविवार
निरोप आला. काशीराम जिवंत आहे. पलीकडच्या शिपायांनी मारून हद्दीवर टाकलं, डावी मांडी मोडली आहे. लॉरीने आणला, पण वहाळाला पूर आल्यामुळे लॉरी पलीकडेच थांबली. बांबूला घोंगडी बांधून झोळी करायची आणि त्याला आणायचं.
आम्ही सात जण गेलो. मला सगळे म्हणत होते, दादानू तुमी येव नकात, हात सांबाळा. मी म्हटलं, छत्री धरीन.
काशीराम ओळखू येत नव्हता. पाय हलला की कण्हायचा. चौघांनी बांबू उचलला. मी बाजूने छत्री धरून चाललो. वहाळात कमरेएवढं पाणी. मधोमध मागचा धोंडू घसरला आणि बांबू त्याच्या खांद्यावरून सुटला.
मी धरला. दोन्ही हातांनी. छत्री वाहून गेली. कामट्या मोडल्या. बांबू उजव्या खांद्यावर घेतला आणि पलीकडे येईपर्यंत सोडला नाही. धोंडू पाण्यातून उठला, माझ्याकडे बघत उभा राहिला. पुढे दीड मैल मीच नेला. कोणी खांदा बदलायला पुढे आलं नाही. मी वाटेत म्हटलं, लुईझाबायच्या तेलाचा गुण. पुढच्याने बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला.
घोंगडीतून काशीरामचा आवाज आला, "दादानू, हात बरो झालो तुमचो?"
मी म्हटलं, हो.
म्हणाला, "बरा झाला. थय गेल्यापास्ना मनात होता, तुमच्या हाताचा काय झाला आसात."

२२ ऑगस्ट
लुईझाबायने काशीरामची मांडी बघितली. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही, मालवणला डॉक्टरकडे न्या, म्हणाली. माझ्या हाताबद्दल काही विचारलं नाही.
रात्री सुगंधाने ताट वाढलं. मी उजव्या हाताने जेवलो. काहीतरी बोलेल म्हणून वाट पाहिली. तिने भात वाढला.
ग्रंथाची पानं चुलीत घातली. दमट होती, धूर फार झाला.

२३ ऑगस्ट, संध्याकाळी
वाचनालयात माणसं जमली. उद्या पहाटे काशीरामला मालवणला न्यायचं. लांबचा पल्ला, पाळीपाळीने खांदा द्यायला बारा जण हवेत. गंगाराम नावं लिहीत होता. मी समोरच उभा होतो. झोळी नव्हती. उजवा हात टेबलावर, दिसेल असा, ठेवला होता.
अकरा नावं झाली. मी म्हटलं, गंगाराम, माझं लिही.
त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. टाक दौतीत बुडवला आणि लुईझाबायच्या जावयाचं नाव लिहिलं, फॉस्टिन. तो तिथे हजरही नव्हता.
मग म्हणाला, "दादानू, तो बाक वायचसो भिंतीक सरकवा, माणसांका बसाक होय."
सरकवला.