ही ओळ कशासाठी?

मंगळवार, संध्याकाळ. लासुर्णे.

आज बारामतीच्या मुलाखतीत पाठ केलेला कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम भराभर लिहिला. मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी एवढंच विचारलं, "ही ओळ कशासाठी?" महिनाभर तीच ओळ लिहितेय, आणि कशासाठी ते ठाऊक नाही!

घरी तात्यांना सांगितलं. म्हणाले, "पोरी, ती ओळ काढली तर काय बिघडतंय?"

रागच आला. पण काढून बघितली. प्रोग्रॅम थांबेचना, तेच तेच करत नुसता फिरत राहिला. म्हणजे ती ओळ थांबवण्यासाठी होती!

ही नोकरी गेलीच बहुतेक. पण शुक्रवारी दुसरी मुलाखत आहे. तोवर प्रत्येक प्रोग्रॅमची एकेक ओळ काढून बघणार. तात्यांना तसं सांगितलं.

"मग उठू नगंस," ते म्हणाले, "जेवान हितंच आणतो."