‘ऑगस्टची बस’ ही तबकडी व इतर मिळकतीची व्यवस्था

ज्याने ‘प्रकाश होवो’ म्हटले आणि तो चांगला आहे असे पाहिले, त्या पित्याची कृपा हा कागद उघडणाऱ्यावर असो.

मी, एल्डन रोस्टॅड, वय वर्षे शहाऐंशी, चर्चचा निवृत्त पाळक, राहणार ओशनसाइड, कॅलिफोर्निया, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. राहते घर व बँकेतील शिल्लक माझी एकुलती कन्या मरीट हिला. तिने येथे राहावे अशी अट नाही.

दोन. हिब्रू व ग्रीक ग्रंथ धर्मविद्यालयास. बायबलमधील प्रेमगीतांवरच्या माझ्या टिपा मात्र शिकवू नयेत. कारण कलम चारमध्ये आहे.

तीन. गॅरेजमधील रॉकेलचा डबा आमच्या चर्चच्या मंडळीचे एक ज्येष्ठ कारभारी ऑर्विल क्विन्बी यांना परत. १९७९ साली मंडळीतील तरुणांच्या गाण्यांच्या तबकड्या आम्ही समुद्रकिनारी जाळल्या. "पाळकसाहेब, हे नुसत्या काडीनं पेटायचं नाही," म्हणत त्यांनी तो आणला होता. मरीट व तिच्या तीन मैत्रिणींनी गायलेल्या ‘ऑगस्टची बस’च्या सर्व प्रतींचे खोके त्या ढिगावर मी स्वतः ठेवले.

"बाबा, एक मुलगी थांब्यावर कुणाची तरी वाट बघतेय. एवढंच आहे त्यात," मरीट म्हणाली.

"माझी तक्रार तीच आहे," मी म्हणालो.

माझी पत्नी इंगा म्हणाली, "जाळा खुशाल. उद्या पोर जेवायला आली नाही, तर तिच्या ताटाला प्रवचन द्या."

मरीट आली नाही. दोष माझा; डबा तेवढा ऑर्विल यांचा.

चार. इंगाच्या मृत्यूनंतर उपवासकाळात ऐकण्यासाठी मी ऑर्गनच्या स्तोत्रांची तबकडी काढली. तिच्या वेष्टनात इंगाने ‘ऑगस्टची बस’ची एक प्रत लपवली होती. सुई ठेवल्यावर गिटार वाजू लागली. उठून बंद करणे शक्य होते. मी केले नाही.

तिच्यात सिद्धांत असा काही नाही. प्रत्येक गाण्यात ऊन आहे, प्रत्येकात तोच एक प्रियकर आहे, आणि कोणीही म्हातारे होत नाही. पहिली बाजू कॉफी निवण्याआधी संपते. गेली सहा वर्षे मी ती रोज दुपारी ऐकतो. बायबलच्या प्रेमगीतांतील प्रिया म्हणजे ख्रिस्ताची मंडळी, असे मी चाळीस वर्षे शिकवले. ती आधी द्राक्षमळ्यात उभी असलेली एक मुलगी आहे, हे मला दुसऱ्या बाजूच्या तिसऱ्या गाण्याने शिकवले.

ही तबकडी मरीटला. एक प्रत जळण्यापासून वाचली, हे तिला ठाऊक नाही.

पाच. माझ्या अंत्यविधीत स्तोत्रानंतर दुसऱ्या बाजूचे ते तिसरे गाणे उपासनामंदिरात वाजवावे. सुई खालील साक्षीदार श्री. टकेदा यांनीच ठेवावी. समितीने हरकत घेतल्यास ऑर्गनच्या दुरुस्तीची माझी देणगी रद्द. इंगाच्या अंत्यविधीला मरीट बाहेर गाडीपाशीच उभी राहिली होती. तिला आत बोलावू नये. दारे उघडी ठेवावीत, आणि आवाज गाडीपर्यंत पोहोचेल इतका असावा.

स्थळ: ओशनसाइड. दिनांक: ११ मार्च २०२५.

सही: एल्डन रोस्टॅड

आमच्या समक्ष सही केली:
१. डोलोरेस अरायझा, शेजारीण
२. विन्स्टन टकेदा, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणारे

हे वाचणाऱ्या प्रत्येकाची कोणीतरी वाट पाहत असो, आणि प्रभू त्याला वेळेवर पोहोचवो. आमेन.