चुकल्यावर म्हणायचं वाक्य

१४ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? आम्ही ठीक. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, घरभर निळं कापड पसरलंय.

आपल्या भिंगरीला शाळेत समुपदेशक बाई मिळाल्यात. लक्ष टिकावं म्हणून तिला स्वतःशी बोलायला शिकवतात. म्हटलं, घ्या, आधीच हिचं तोंड मिनिटभर बंद नसतं! पण उपयोग होतोय. थांब, काय करायचंय, आधी काय, असं आधी मोठ्याने म्हणायचं, मग कुजबुजत, मग मनात. घरच्यांनीही करून दाखवायचं. म्हणून मी कात्री घेऊन बडबडते, "माप घे. खूण कर. परत बघ. आता काप." गिऱ्हाइकांना वाटतं, बाईचं डोकं फिरलं. पण पोरगी आता अख्खं पान एका बैठकीत संपवते!

मग कुजबुजायची पाळी आली. गेल्या आठवड्यात वजाबाकी चुकली, तशी खोडता खोडता पुटपुटली, "गाढवे, लक्ष कुठंय? तुला जन्मात काही जमायचं नाही."

माझे शब्द गं. "जन्मात"वरचा जोरसुद्धा माझाच. बाईंना सांगणार होते की हे कुठून शिकली कोण जाणे. जीभ रेटली नाही, खरं तेच सांगितलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत तू हेच सांगत होतीस, पोरीला असं बोलू नकोस म्हणून. आणि मी म्हणाले, "तुला मूल नाही, तुला काय कळणार?" तू पिशवी भरून संध्याकाळच्या गाडीने निघून गेलीस. सात महिने झाले. फोन हातात घेते आणि ठेवून देते.

बाई म्हणाल्या, चुकल्यावरचं वाक्य तिलाच निवडू दे. काल गणित चुकलं. ओठ हलले नाहीत. तिने खोडलं, परत मांडलं, बरोबर आलं.

"मनात काय म्हणालीस?"

"मी नाही, मावशी म्हणाली. असू दे गं राणी, परत करू."

मला रडूच फुटलं. तर कार्टी विचारते, "आई, तुझ्या मनात कोण बोलतं?"

काय सांगू तिला? अजून आपले बाबाच बोलतात गं. गाढवे, लक्ष कुठंय. तूही त्याच घरात वाढलीस, तूही तेच ऐकलंस. तुझ्या मनातला तो आवाज तू कसा बंद केलास?

चुकले मी, ताई. ये, आणि मलाही शिकव.

तुझीच,
धाकटी