मधमाश्यांना कुणी सांगितलं नाही

२० एप्रिल १९४२
आले एकदाची! आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि आता लिपोवेत्सच्या शाळेतली मास्तरीण. नेझामावशींकडे ऊन येणारी खोली मिळाली. इटलीने गेल्या वर्षी आमचा मुलूख गिळून त्याचा 'ल्युब्ल्याना प्रांत' केला, त्यावर मावशी म्हणाल्या, "प्रांत कसला! आमची गाय त्याहून थोरली." त्यांच्या मुलाला, लोयझेला, सैनिकांनी मजुरीसाठी नेलंय. पत्र नाही.

२ मे
चर्चची घंटा वाजवणाऱ्या ग्रेगोरकाकांनी आज खरं सांगितलं. मजुरी वगैरे खोटं. मार्चमध्येच दगडखाणीत बारा जणांना गोळ्या घातल्या, लोयझेही त्यातलाच. शोक करायलाही बंदी: घंटा नाही, काळे कपडे नाहीत, नाव काढलं तर कैद्यांच्या छावणीत रवानगी. गाव गप्प. मावशींना कोण सांगणार?

९ मे
भर दुपारी लोयझे जेवायला येऊन बसला. कोटावर खाणीची पांढरी धूळ. घास घेत नाही, फक्त मावशींचा हात धरून बसतो. त्या आनंदाने रागावत होत्या, "टोपी काढ रे, गाढवा! मास्तरीणबाई काय म्हणतील?"

१४ मे
तो रोज येतो. मावशींचा हात मनगटापर्यंत मेणासारखा, गार.
काका म्हणतात, घरचं माणूस गेलं की मधपेट्यांवर टकटक करून माश्यांना सांगायचं असतं. ते राहिलं तर मेलेल्याला कळतच नाही. घरी येतो. जाताना एकाला नेतो.

१७ मे
कोपरापर्यंत गार. मी सगळं सांगितलं. मावशी हसल्या, "समोर बसलाय आणि कुणाला मारतेस गं?"
उद्या माश्यांना मीच सांगणार. मोठ्याने. गप्प बसायला शिकले नाही मी.

१८ मे, दुपार
मावशींच्या परसातल्या प्रत्येक मधपेटीवर टकटक केली. लोयझे गेला, खाणीत गोळ्या घालून मारला — रस्त्यावर ऐकू जाईल असं ओरडले. खुर्ची रिकामी. मावशींच्या हातात ऊब आली. त्याच हाताने त्यांनी मला मारलं, मग गळ्यात पडून रडल्या.
पण कुंपणापाशी अकरा जण उभे आहेत. पांढरी धूळ. त्यांच्या घरच्या माश्यांनाही कुणी सांगितलेलं नाही.
काकांकडून नावं घेऊन घरोघरी निघाले. वही बरोबर. मला नेलं तरी नावं उरतील.

येर्नेय गेला. मारला.
टोने गेला. मारला —
चौकीवरून सैनिक धावत येतायत. येऊ देत. उरलेले माझ्या मागे चालतायत — गार — पाठ गार —
व्हिन्को गेला. मारला. ऐकलंत? मारला —
बूट फाटकात —
मातिया गे