टॉवेलाखालचं पाऊल

प्रिय बाळ,

दुसरा स्क्रू निघेना, म्हणून तुझ्या लोण्याच्या सुरीचं टोक वाकलं आहे. सुरी ड्रॉवरमध्ये ठेवली आहे. न्हाणीघराच्या दाराशी टॉवेल अडकवायला तू बुटाचा जो लाकडी, पावलासारखा फर्मा बसवला होतास, तो आता माझ्या मांडीवर आहे.

मला इथं येऊन आठवडा होत आला. एकटी राहू नकोस, आमच्याकडे ये, असं तू म्हणालास. मी खोली सोडली, भांडी वाटून टाकली. स्टेशनावरून तू मला घरी नेलं नाहीस, इथं आणलंस. सध्या इथं राहा, म्हणालास. दाराच्या कुलपाचे आकडे फोनवर पाठवलेस, भाडं भरून राहणाऱ्या सगळ्या पाहुण्यांना पाठवतोस तसेच, खाली 'आपला मुक्काम सुखाचा होवो' या ओळीसकट. आपल्या बुटांच्या दुकानाची जागा तू छान केली आहेस. तुझ्या बाबांच्या कामाच्या टेबलावर चहाची किटली आहे. माझं शिवणयंत्र खिडकीत आहे, त्यावर कुंडी. चाक फिरत नाही, मी पाहिलं. गल्लीही बदलली. पत्र्याच्या कारखान्यात चित्रं टांगली आहेत, रंगाऱ्याच्या दुकानात कॉफी मिळते, आणि पोपडे आलेल्या भिंतींसमोर उभं राहून लोक फोटो काढून घेतात. सफाईला येणारी बाई तेवढी बोलते. मी अंथरूण स्वतः आवरते म्हणून रागावते. म्हणते, आजी, सगळेच पाहुणे असे निघाले तर माझं कसं व्हायचं. मी तुझी आई आहे हे मी तिला सांगितलं नाही. तूही सांगितलेलं दिसत नाही.

बाकीचे फर्मे तू फळीवर ओळीनं मांडलेस, तळवे बाहेर करून. एकेका गिऱ्हाइकाच्या पावलाचा एकेक जोड, आणि तळाला तुझ्या बाबांच्या अक्षरात नाव. कुणाचं हाड वाढलं की ते तिथं चामड्याची चकती चिकटवायचे. कितीजणांची म्हातारपणं त्या फळीवर आहेत. खाली तुझी पाटी: 'अनामिक कारागिराचे साचे'. अनामिक कसा रे? तुझ्या स्वतःच्या नावाच्या मधोमध अजून त्याचंच नाव आहे.

तुझा डावा पाय आखूड. दर वर्षी शाळा उघडायच्या आधी ते तुझा फर्मा वाढवायचे आणि टाच आतून अशी चढवायचे की बाहेरून दोन्ही बूट सारखे दिसत. वरचं चामडं मी शिवायची. एकदा तू शर्यतीत धावलास, शेवटचा आलास, आणि घरी येऊन म्हणालास, कुणी हसलं नाही. त्या दिवशी त्यांनी दुकान लवकर बंद केलं.

इथं आल्या दिवशीच टॉवेल काढला आणि तुझं पाऊल ओळखलं. मला वाटलं, तुझ्या लक्षात आलं नसेल. इतक्या फर्म्यांतला एक, सुतारानं हाताला लागला तो बसवला असेल. मी तुझी बाजू घेत राहिले, ती माझी जुनी खोड. आज दुपारी तुझा निरोप आला. उद्या पाहुणे येताहेत, सकाळी जागा रिकामी कर, मग तुझं काहीतरी बघू. तेव्हा मी सुरी घेतली. या एकाचाच तळवा भिंतीकडे होता. फळीवरची सगळी नावं शाबूत आहेत. तुझं तेवढं घासून काढलं आहे, पॉलिशपेपरनं, अगदी नीट. हात तुझाच. बारीक काम तू त्यांच्याकडून शिकलास.

मी तुझ्या मावशीकडे जाते आहे. माझं काही बघू नकोस. पत्र एवढ्यासाठीच लिहिलं, की भिंतीत दोन भोकं दिसतील. सफाईच्या बाईवर आळ घेऊ नकोस. फर्मा मी नेला आहे. टॉवेलासाठी एखादा खिळा मार.

तुझीच,
आई

ता. क. सकाळी पाहुणे वेळेआधीच आले, नवराबायको. मी दार उघडलं, किटली कशी लावायची ते दाखवलं. तिनं विचारलं, तुम्ही इथंच काम करता का. मी हो म्हटलं. तिच्या नवऱ्यानं माझी पिशवी खाली आणून दिली.