देवघरातलं तेल

कारंजा (लाड),
रविवार, दुपार

प्रिय सुचिता,

सर्वप्रथम तुझ्याविरुद्ध एक गंभीर तक्रार नोंदवून घे. परवाच्या व्हिडिओ कॉलवर आपल्या नातीने मला 'बोयका आबा' अशी हाक मारली. हा शब्द हैदराबादच्या पाळणाघरात शिकवत नाहीत. शब्द कारंज्याचा, आणि त्यामागचं डोकंही कारंज्याचंच. एक दात नसलेल्या माणसाला बोळका म्हणणं म्हणजे एक वाफा वाळला म्हणून सगळा मळा उजाड ठरवणं. या अपराधाला स्मृतिग्रंथांत कोणतं प्रायश्चित्त आहे ते शोधतो आहे. सापडेपर्यंत तुला लोणचं वर्ज्य.

आता त्या दाताविषयी. फोनवर मी 'बसवला, झकास आहे' एवढंच सांगितलं, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर असतो आणि हर्षल, निकिता, तुमचा कुकर, सगळेच ऐकतात. म्हणून हे कागदावर लिहून त्याचा फोटो फक्त तुला पाठवतो आहे. एकटीच वाच. लेकाला-सुनेला दाखवू नकोस.

डॉक्टर म्हणजे आपली योगिनी. शाळेत माझ्याकडे संस्कृतला होती, धातुरूपं म्हणता म्हणता डुलक्या घ्यायची. आता तिचं सोवळं पाहशील तर थक्क होशील. पाठशाळेत आमचे पंडितजी पाण्याच्या कळशीजवळ आम्हाला फिरकू देत नसत, पण हिच्यापुढे तेसुद्धा ओवळेच ठरले असते. मदतनीस बाईचं बोट चुकून दिव्याच्या दांड्याला लागलं, तर तिचे हातमोजे टाकून नवे घालायला लावले. ज्यावर पुढे नवा दात चढवायचा, तो टायटॅनियमचा स्क्रू तर कुणाच्या बोटाला न शिवता कुपीतून थेट माझ्या हाडात गेला. मी आ वासून पडलेला, त्यामुळे मंगलाष्टकं म्हणायची सोय नव्हती. नंतर ती म्हणाली, "सर, बसवायचं काम माझं होतं, धरून ठेवायचं तुमच्या हाडाचं. त्याला तीन-चार महिने लागतात. तोवर तिथं घाण जाऊ द्यायची नाही अन् साखर वाढू द्यायची नाही." मग विचारलं, "घरी काकू आहेत ना? रोज टॉर्च लावून हिरडीची आतली बाजू पाहायला सांगा. तुम्हाला आरशात दिसायची नाही." मी म्हणालो, आहे की. का म्हणालो कोण जाणे. तोंड बधिर होतं, जीभ आपल्या मनाने वळली असेल.

पहिल्या दिवशी फार बोलायचं नव्हतं. हे पथ्य मी निर्दोष पाळलं, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. संध्याकाळी मागच्या मळ्यातली गोजराबाई लौकी घेऊन आली. "काहो गुर्जी, कवाची आवाज देऊन राह्यली, बोलत काहून नाई? बाईनं सोडलं म्हून मौन धरलं का?" मी गालाकडे बोट दाखवलं. "हाव का! मंग बाई आली का पाह्याले?" मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते तिला कळलं नसावं. मलाही नाही.

मग माझं पांडित्य आडवं आलं. योगिनीने मिठाच्या कोमट पाण्याने हलकेच खळखळायला सांगितलं होतं. पण तिळाचं तेल तोंडात धरून ठेवण्याची थोरवी मी इतकी वर्षं मुलांना सांगतो, ती काय फुकट? स्वयंपाकघरात तू तिळतेल कुठे ठेवलंस ते देवालाच ठाऊक, म्हणून देवाचंच घेतलं. समईजवळची बाटली. देवाचं ते शुद्धच असणार. त्याच बाटलीत मी रोज बोटाने वात भिजवतो, आणि तळाशी एक मुंगळा कधीचा समाधिस्थ आहे, हे ध्यानात आलं तोवर चार दिवस तेल धरून झालं होतं.

तोंडाला कुबट, खारट चव येऊ लागली. दाढीचा आरसा, स्टीलचा चमचा आणि मोबाइलचा उजेड असे सगळे प्रयोग केले. फोटोही काढला. त्यात माझी पडजीभ फार सुरेख आली आहे, हिरडी नाही. शेवटी अंगणात गोजराबाईपुढेच तोंड उघडलं. तिने कोथिंबिरीची जुडी काखेत धरून, वाकून पाहिलं. "मले चष्म्याबिगर धड दिसत नाई, पन लाल हाय अन् सुजून राह्यलं. गुर्जी, हे पाह्याचं काम माह्यं नोहे." एवढं बोलून पदर सावरत निघून गेली.

काल योगिनीकडे गेलो. टाके उसवलेत, हिरडीखाली जंतू शिरलेत. तिने धुऊन काढलं, गोळ्या बदलल्या, साखर तपासली. ती वाढलेली. तेलाची हकिकत सांगितली, वाटलं हसेल. हसली नाही. "देवाला जखम नसते, सर," एवढंच म्हणाली. स्क्रू अजून घट्ट आहे. आठवडाभर पाहायचं, नाही आवरलं तर काढायचा. ताप आला किंवा सूज डोळ्याकडे चढू लागली तर त्याच क्षणी फोन करायचा. "अन् सोमवारी काकूंना घेऊन या, आता त्यांनाच समजावते. तुम्ही ऐकत नाही." आणतो म्हणालो.

आज सकाळपासून अंगात कणकण आहे. थर्मामीटर तू छोटीसाठी नेलास, ते बरोबरच केलंस. कपाळाला हात लावून पाहतो, पण हातही तेवढाच गरम, त्यामुळे काही कळत नाही. हे पाठवलं की योगिनीला फोन करणार आहे आणि आधी खरं सांगणार आहे, की तू इथे नाहीस, दोन वर्षं झाली, दिवाळीला आलीस तेवढीच. गल्लीत मी अजून 'येईल आठवड्याभरात' असंच सांगतो. निकिताची नोकरी आहे, छोटीला तू लागतेस, हे मला पटतं, उद्याही पटेल. स्क्रू निघाला तर निघू दे, त्याचं मला काही नाही. पण ताप चढून मी इथे पडलो, तर दिवसभर कुणाला कळणार नाही. मला एकट्याने आजारी पडायची भीती वाटते, सुचिता. तू ये.

तुझाच,
पंजाब