बेगोनियाला शेवाळाची गादी

४ जुलै १९७६, रविवार
साहेब चार आठवडे रजेवर, पुण्याला, मुलीच्या बाळंतपणासाठी. बाईसाहेबांची लाडकी बेगोनियाची कुंडी सांभाळणार कोण, असं काल ऑफिसात निघालं. शेजारच्या टेबलावरचा आकाराम खोकत होता, तेवढ्यात मी हात वर केला. ऑगस्टात हेडक्लार्कची जागा भरायची आहे. कुंडी जगली की जागा माझी. साहेब तसं बोलले नाहीत, पण माझ्याकडे बघून मान हलवली. समजतं आपल्याला.

५ जुलै
रद्दीत इंग्रजी मासिक मिळालं. त्यात लेख : झाडाला ह्युमिडिटी हवी, कुंडीभोवती ओलं मॉस दाबा. मॉस म्हणजे आपलं शेवाळ. सौ. कालिंदी म्हणाली, आठ दिवस पाऊस हटंना, कापडं वाळंनात, आन् झाडाला ओल कमी पडतीया व्हय. सायन्सशी हिचा संबंध नाही.

६ जुलै, सकाळी ६
परसातल्या भिंतीवरचं शेवाळ उलथन्यानं काढलं. कुंडीला तीन बोटं जाडीची गादी. बेगोनिया खूश.

९ जुलै
शेवाळ पुरेना. बोळातली भिंत खरवडताना शेजारच्या चिमणाबाईंनी पाहिलं. म्हणाल्या, आमच्या मोरीत लई हाय की, सगळं न्या, पोरं घसराय लागल्यात. दोन तासांत मोरी लख्ख. वर चहा. लोकांत झाडांची आवड वाढते आहे.

१३ जुलै
आमच्या मंगळवार पेठेत माझं नाव झालं. चार घरांतून बोलावणं. बादली, खराटा, सगळं तेच देतात. ज्ञानाची केवढी ही भूक.
दोन पानं गळाली. जुनीच होती.

१८ जुलै, रविवार
तालमीचे वस्ताद गणपतराव स्वतः घरी. म्हणाले, हौदाच्या पायऱ्यांवर पैलवान पडाय लागल्यात, तेवढं शेवाळ घेऊन जावा की. अकरा पायऱ्या. पाठ धरली. पण पेलाभर थंडाई मिळाली आणि वीस पैलवानांनी बाजूला होऊन वाट दिली. असा मान हेडक्लार्कलाच मिळतो.

२१ जुलै
सहा पानं उरली. मासिक पुन्हा वाचलं. शेवटी बारीक टाईपात आहे की हा उपाय कोरड्या हवेसाठी. म्हणजे कमी हवेशीर घरांसाठी, असा अर्थ लावला. शेवाळ दुप्पट केलं. वरून प्लास्टिकची पिशवी बांधली.

२५ जुलै
देठ काळा. दाबला तर बोटाला लागला. कालिंदी म्हणाली, कुजलं. मी म्हणालो, विश्रांती घेतंय. शेवाळ मात्र झकास.

२९ जुलै
देठही गेला. मला भीती वाटते आहे. जेवण गेलं नाही. नंतर गेलं.

२ ऑगस्ट, सोमवार
साहेब हजर. सकाळी बंगल्यावर जाऊन कुंडी बाईसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी विचारलं, यात झाड कुठं आहे? मी ह्युमिडिटी समजावून सांगितली. त्यांनी बोटानं शेवाळ उकरून पाहिलं.
दुपारी ऑर्डर निघाली. हेडक्लार्क आकाराम.
मग साहेबांनी मला एकट्याला आत बोलावलं. म्हणाले, पेठेत तुमच्या कामाचं फार कौतुक ऐकलं. आमच्या बंगल्याची टाकी अगदी हिरवी झाली आहे. साहेबांना माणसाची पारख आहे.
टाकी रविवारी. शनिवार आकारामच्या मोरीला दिला. आता तो हेडक्लार्क, त्याचं आधी.